बार्शीचा ताप आणि आजीचा ताप

बी.ए. द्वितीय वर्ष (भूगोल)

प्रास्ताविक

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विषाणू, जनुके आणि लस या विषयांवर लेख लिहिण्याचा तुझा अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच ठरेल. दहावीनंतर मी विज्ञानाचे पुस्तक हाती धरलेले नाही. परंतु भूगोलाच्या प्रकल्पासाठी 'आपल्या परिसरातील रोग आणि त्यांचा प्रसार' हा विषय माझ्या वाट्याला आला आणि वाचता वाचता मी अशा ठिकाणी पोहोचले की, जे कळले ते सांगितल्यावाचून राहवेना. जेथे शब्द अडले तेथे शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील एका मॅडमनी दोन दुपारी खर्च करून मला समजावून दिले. बरोबर असेल ते त्यांचे, चुकले असेल ते माझे.

माझा जन्म २००६ सालच्या पावसाळ्यातला. वैजापूर तालुक्यातील आमच्या गावात त्या वर्षी घरटी एक तरी माणूस तापाने अंथरुणाला खिळलेले होते. मी पंधरा दिवसांची असताना आजीला ताप भरला. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण बोटे वळेनात. घरात पहिली नात आलेली, आणि आजीला तिला उचलून घेता येईना. आई मला तिच्या पुढ्यात ठेवायची आणि आजी नुसती बघत बसायची. ज्या हाताने तिने उभा जन्म खुरपे धरले, तो हात पाण्याचा तांब्या उचलीना. वर्ष उलटल्यावर ती पुन्हा शेतात जाऊ लागली. आजही आभाळ भरून आले की तिची मनगटे धरतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आलेली होती. त्यामुळे 'चिकुनगुन्या' हे नाव कानी पडताच आमच्या गावातल्या पुष्कळांनी हा ताप 'चिकन'चाच, अशी समजूत करून घेतली. आजीने दोन वर्षे घरात कोंबडी शिजू दिली नाही. दारातला रांजण मात्र भरलेला तसाच राहिला. वास्तविक या नावाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. १९५२-५३ साली आफ्रिकेतील टांगानिका या प्रदेशात, म्हणजे आजच्या टांझानियात, या रोगाची साथ प्रथम नोंदली गेली. तेथील माकोंदे भाषेत या शब्दाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. रोग्याच्या चालीवरून पडलेले हे नाव आहे. हा रोग विषाणूचा, आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो एडिस जातीचा डास.

बार्शी ते मराठवाडा

भारतात हा रोग १९६३ साली कलकत्त्यात ओळखला गेला. पुढच्या दोन वर्षांत मद्रास व इतर ठिकाणी साथी आल्या. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात मोठी साथ आली आणि त्यानंतर हा रोग जणू नाहीसाच झाला. बत्तीस वर्षे मोठी साथ नाही. एक पिढी जन्मली, वाढली, तिची लग्ने झाली, पण तिने हे नाव ऐकलेले नव्हते.

आणि २००५ च्या अखेरीस तो आला. २००६ मध्ये आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू असे करत देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाडाही त्यातून सुटला नाही.

येथे साहजिकच प्रश्न पडतो. बत्तीस वर्षे हा विषाणू होता कोठे? बार्शीत निजलेला विषाणूच जागा झाला, की कोणी नवाच पाहुणा आला? रोग्याकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. ताप तोच, सांधे तेच, अंगावरचे पुरळही तेच. उत्तर मिळाले ते पुण्यात.

पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने ती सुरू झाली आणि १९७८ पासून तिला सध्याचे नाव मिळाले. या संस्थेत जुन्या साथींतील विषाणू गोठवून जपून ठेवलेले असतात. १९६३ च्या कलकत्त्याचा आणि १९७३ च्या बार्शीचा विषाणूही तेथे होता. २००६ मध्ये ठिकठिकाणच्या रुग्णांचे रक्त तेथे गेले आणि जुना व नवा विषाणू शेजारी ठेवून शास्त्रज्ञांनी त्यांची अक्षरे वाचली.

विषाणूची अक्षरे

अक्षरे म्हणजे काय, हे मला प्रथम कळत नव्हते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची माहिती रासायनिक स्वरूपात साठविलेली असते. तिच्या एकेका भागाला जनुक म्हणतात आणि सर्व मिळून जनुकसंच. चिकुनगुन्याच्या विषाणूचा जनुकसंच अगदी लहान, सुमारे ११,८०० अक्षरांचा. त्याच्या लिपीत अक्षरे चारच: ए, यू, जी आणि सी. या चार अक्षरांच्या क्रमावरून नऊ प्रमुख प्रथिने तयार होतात. चार प्रथिने विषाणूच्या नकला काढण्याचे काम करतात आणि पाच त्याचे अंग व कवच घडवितात. आपल्या शरीराची पहिली झटापट होते ती या कवचाशीच, म्हणजे कवचावरील ई-१ व ई-२ या प्रथिनांशी.

पुढचे समजायला मला मराठीच्या तासाचा उपयोग झाला. आपल्या जिल्ह्यातील पैठणला संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सर्वजण जाणतो. पोथी हाताने उतरविताना नकलणाऱ्याच्या हातून चुका होत, त्या चुकांसह पुढची नक्कल होई आणि असे पाठभेद साठत जात. सरांनी आम्हांला सांगितले होते की, दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या असतात.

विषाणूचेही नेमके असेच आहे. तो आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो आणि तपासनीस कोणी नसल्यामुळे चुका राहून जातात. या पाठभेदांवरून कोणता विषाणू कोणाच्या घराण्यातला हे ठरविता येते. चिकुनगुन्याची तीन मुख्य घराणी आहेत: पश्चिम आफ्रिकेतील, पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकेतील आणि आशियातील.

पुण्यात वाचन झाले तेव्हा असे दिसले की, १९६३ चा कलकत्त्याचा आणि १९७३ चा बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला, आणि २००६ चा मात्र पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी घराण्यातला. म्हणजे बार्शीचा ताप आणि माझ्या आजीचा ताप नावाने एक, पण कुळाने निराळे. आणखी एक गोष्ट निघाली. पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत येथे २००० साली पकडलेल्या एडिस डासांत जो विषाणू मिळाला होता, तोही या आफ्रिकी घराण्याचाच होता. म्हणजे हा पाहुणा साथीच्या निदान पाच वर्षे आधीच महाराष्ट्रात येऊन राहिला होता आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते.

एका अक्षराने काय होते, याचेही उदाहरण याच विषाणूत आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये साथ चालू असताना ई-१ प्रथिनाच्या २२६ व्या जागी बदल घडला. जनुकसंचात बदलले फक्त एक अक्षर. पण त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या जातीच्या डासात हा विषाणू सहज वाढू लागला. २००६ मध्ये आपल्याकडे हा बदल आढळला नव्हता. येथे काम एडिस इजिप्ती हा घरातला डासच करीत होता. पुढच्याच वर्षी केरळात, जेथे अल्बोपिक्टस डास विपुल आहे, तेथे हा बदल सापडला.

वाचनाचा लशीला उपयोग काय?

कोणी म्हणेल, घराणे कळले म्हणून आजीची बोटे सरळ झाली काय? झाली नाहीत. पण लस करणाऱ्यांना या वाचनाचा काय उपयोग होतो, हे एका फसलेल्या लशीच्या हकिकतीवरून मला पटले.

१९६२ साली थायलंडमध्ये एका रुग्णापासून मिळालेला विषाणू अमेरिकी लष्कराच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील पेशींवर पुन्हा पुन्हा वाढविला. असे केल्याने विषाणू दुबळा होतो आणि दुबळा विषाणू टोचला की शरीराला खऱ्याशी लढण्याची तालीम मिळते. लस तयार झाली, माणसांना टोचून पाहिली. जवळजवळ सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली, परंतु सुमारे आठ टक्के लोकांचे सांधे काही काळ दुखले. सांधेदुखीवरची लस आणि तिनेच सांधेदुखी! ती लस वापरात आली नाही. पुढे तिचा जनुकसंच वाचला तेव्हा उमगले की, तिचे दुबळेपण ई-२ प्रथिनातील अवघ्या दोन बदलांवर उभे होते. दोन अक्षरे पुन्हा उलटली की विषाणू पूर्वपदावर यायला मोकळा.

हे कळल्यावर नवे शास्त्रज्ञ वेगळ्या रीतीने कामाला लागले. विषाणू आपोआप दुबळा होण्याची वाट न पाहता, कोणता भाग ठेवायचा आणि कोणता काढायचा हे ते जनुकसंच समोर ठेवून ठरवू लागले. त्यांच्या तीन वाटा मला समजल्या तशा सांगते.

पहिली वाट कापण्याची. युरोपातील वाल्नेवा कंपनीने रियुनियनच्या साथीतील विषाणू घेतला आणि नकला काढणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील मोठा तुकडाच छाटून टाकला. एखादे अक्षर उलटू शकते, पण आख्खा तुकडा परत कोठून येणार? 'इक्सचिक' या नावाच्या या लशीला नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. चिकुनगुन्यावरील जगातली ही पहिली परवानाप्राप्त लस होय.

दुसरी वाट रिकाम्या कवचाची. कवच घडविणारी जनुके तेवढी घेऊन प्रयोगशाळेतील पेशींत घालतात. त्या पेशी विषाणूसारखे दिसणारे गोळे तयार करतात, पण आत जनुकसंच नसतो, म्हणून ते वाढू शकत नाहीत. 'विमकुन्या' ही लस या रीतीची. तिला फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

तिसरी वाट जुनीच, पूर्ण विषाणू मारून टोचण्याची. हैदराबादच्या भारत बायोटेकने 'बीबीव्ही-८७' ही लस या रीतीने तयार केली असून तिच्यासाठी विषाणू निवडला तो भारतात आढळलेला, आफ्रिकी घराण्यातला. म्हणजे रीत जुनी असली तरी निवड अक्षरे वाचूनच झालेली आहे.

येथे मला एक शंका आली होती. घराणी तीन, मग लसही तीन लागणार का? मॅडमनी सांगितले की, तशी गरज दिसत नाही. तिन्ही घराण्यांच्या कवचांत पुरेसे साम्य असल्याने एकाविरुद्धची प्रतिपिंडे इतरांनाही बऱ्याच अंशी ओळखतात. डेंगूचे मात्र असे नाही. डेंगूचे चार प्रकार इतके वेगळे आहेत की, एकाचा ताप येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा झाला तर तो कधी कधी अधिक गंभीर होतो. म्हणून डेंगूची लस चौघांविरुद्ध एकदम हवी. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद यांनी अशा चौपदरी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. तिच्यातील विषाणू मूळचे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेले असून, त्यांतील बहुतेकांच्या जनुकसंचातून शेवटाकडील तीस अक्षरांचा तुकडा मुद्दाम काढलेला आहे.

अक्षरे न वाचता जुन्यावर विसंबले तर काय होते, याचा विचार कोकणाने करायला लावला. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात सापडलेला, गोचिडांतून पसरणारा माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात माणसे आजारी पाडू लागला. त्यावर एक लस होती, पण ती जुन्या विषाणूपासून केलेली आणि तिचा गुण उतरत गेलेला. २०२२ मध्ये तिचा वापर थांबवावा लागला. नवी लस करण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

वाचता आले म्हणजे सर्व कळले असे नाही

इतके वाचून मी फार उत्साहात होते. पण पुढची बातमी वाचली आणि थबकले. तुकडा छाटून केलेली ती 'इक्सचिक' लस २०२५ मध्ये अडचणीत आली. टोचून घेतलेल्या काही जणांना, विशेषतः वृद्धांना, गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. मे महिन्यात साठीपुढच्यांसाठी तिचा वापर थांबविण्याची सूचना निघाली आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवानाच स्थगित केला. ज्यांचे सांधे हा रोग सर्वांत अधिक धरतो, त्यांनाच ही लस सोसली नाही.

यावरून जनुकसंचाचे वाचन निरुपयोगी, असे मी म्हणणार नाही. विषाणूची अक्षरे वाचता आली, पण टोचून घेणाऱ्या माणसाचे वय, त्याचे जुने आजार, त्याची ताकद या गोष्टी विषाणूच्या अक्षरांत लिहिलेल्या नसतात. त्यासाठी हजारो माणसांवर सावकाश चाचण्या घ्याव्या लागतात आणि त्यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. २००६ च्या साथीत रक्त दिले ते आपल्या भागातल्या माणसांनी. त्यांच्या रक्तातून विषाणूचे घराणे कळले. ज्या दोन लशींना परदेशात परवाने मिळाले, त्या प्रामुख्याने रोगाच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांसाठी विकल्या जाऊ लागल्या. मी हा लेख लिहीत असताना भारतात चिकुनगुन्याची कोणतीही लस सर्वसामान्य माणसाला मिळत नाही. २०२४ साली महाराष्ट्रात रुग्ण पुन्हा वाढले, तेव्हाही उपाय तोच होता, जो आजीच्या वेळी होता: ताप उतरविण्याची गोळी आणि विश्रांती.

पण उलट उदाहरणही आहे, म्हणून मी निराश नाही. हिवतापाच्या परजीवीतील एका प्रथिनाचे जनुक १९८४ साली वाचले गेले. त्याच प्रथिनावर आधारलेली 'आर-२१' ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनून ती आफ्रिकेतील मुलांपर्यंत गेली. जवळजवळ चाळीस वर्षे लागली, परंतु गरिबांच्या मुलांना मिळेल अशी लस झाली.

समारोप

लस येईपर्यंत काय, हा प्रश्न उरतोच. एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो, साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासावीत, असा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. सल्ला उत्तम आहे. पण आमच्या खोलीच्या गल्लीत नळाला पाणी येते तेच आठवड्यातून एकदा. जायकवाडीचे धरण भरलेले असले तरी आमचा ड्रम रिकामा करायची छाती कोणाची होत नाही. आम्ही चौघी मैत्रिणींनी शेवटी एक केले. ड्रमवर जुने सुती लुगडे घट्ट बांधले आणि पाणी येण्याच्या दिवशी, नळ सुटण्याआधी, तळ काथ्याने घासून काढतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही काही महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावेच लागते. वाचकांपैकी जे खोली करून राहतात त्यांनी एवढे तरी करून पाहावे.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सर्व आजीला सांगितले. ती शाळेत गेलेली नाही. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. अक्षरांचे तिला कितपत कळले कोण जाणे, पण पोथीच्या नकलेची गोष्ट तिला नीट समजली. पारायणातल्या पोथ्यांत असे फरक असतात, हे तिला ठाऊक होते. मग तिने विचारले,

"त्या लशीनं माझी बोटं सरळ होतील का गं?"

"नाही आजी. लस म्हणजे औषध नव्हे. ती आधी टोचायची असते."

"मग ती कोणासाठी?"

"पुढच्यांसाठी."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तोवर दारातला रांजण घासून दे. माझा हात तळापर्यंत पुरत नाही."

तो मी घासून दिला.